जरा सरकून घ्या

एसटी स्टँडवर गाडी लागते तेव्हा दरवाजाच्या आधी खिडक्या कामाला लागतात. गाडी अजून फलाटाकडे मागे येत असते, वाहकाची शिट्टी चालू असते, तेवढ्यात टाचा उंचावून कुणीतरी खिडकीतून रुमाल आत टाकतो. रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर पिशवी, आणि पिशवीत मौल्यवान काही असेल तर चार-पाच वर्षांचं पोर. मग हा गृहस्थ निवांत दरवाजाकडे जातो, सगळ्यांच्या शेवटी चढतो आणि ऐटीत आपल्या जागेवर येऊन बसतो. त्या जागेपाशी त्याच्याआधी पोचलेली माणसं असतात. पण सीटवर रुमाल बघून ती मुकाट्याने पुढे सरकलेली असतात. मंत्र्याच्या गाडीलाही लोक हल्ली एवढा मान देत नाहीत.

कधीकधी एकाच सीटवर दोन रुमाल पडतात. मग खटला उभा राहतो. "आमचा आधी पडला." "पण तुमचा तर वर आहे, म्हणजे नंतर पडला." खालचा थर जुना आणि वरचा नवा, हा भूगर्भशास्त्राचा मूलभूत नियम शाळेचं तोंड न पाहिलेली माणसंही अशा वेळी बिनचूक लावतात. मागच्या सीटवरचा एक कुणीतरी न्यायाधीश होतो, वाहक "आधी तिकिटं काढा" म्हणून खटला तहकूब करतो आणि घाट लागेपर्यंत दोन्ही पक्ष एकमेकांना शेंगदाणे देऊ लागलेले असतात.

हा रुमाल फक्त आपलाच आहे असं समजायचं कारण नाही. सिंगापूरमधल्या खाद्यबाजारांत जेवणाच्या वेळी रिकामं टेबल मिळणं मुश्कील. तिथे ऑफिसातली मंडळी टेबलावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट ठेवतात आणि खुशाल जेवण आणायला रांगेत जाऊन उभी राहतात. हातात गरमागरम भाताचं ताट घेऊन फिरणारा माणूस ते पाकीट पाहतो आणि दुसरं टेबल शोधू लागतो. युरोपात जर्मन पर्यटक पहाटे उठून हॉटेलच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून पुन्हा झोपायला जातात, अशी त्यांची ख्याती इंग्रजांनी करून ठेवली आहे. शिकागोत मोठी हिमवृष्टी झाली की आपल्या गाडीपुरती जागा फावड्याने मोकळी करायची आणि गाडी काढताना तिथे घरातली मोडकी खुर्ची ठेवायची, असा रिवाज आहे. ती खुर्ची बाजूला करून कुणी आपली गाडी लावलीच, तर परत येईपर्यंत तिच्यावर पाण्याचा मारा होऊन ती बर्फात गोठलेली सापडू शकते. बॉस्टन शहराने तर या खुर्चीला मुदतच घालून दिली: हिमवादळाची आणीबाणी संपल्यापासून 48 तास. तिथे रुमालाला सरकारमान्यता मिळाली म्हणायची.

म्हणजे सार्वजनिक जागी माणसाचं माणसाशी भांडण होतं ते बहुतेक वेळा जागेवरून, आणि ते मिटवायला जगभर लोकांनी आपापले रुमाल शोधून काढले आहेत. आता प्रश्न असा, की रुमाल न टाकता सरळ तोंडाने जागा मागितली तर?

हे करून पाहणारा माणूस होऊन गेला. स्टॅन्ली मिलग्रॅम हे न्यूयॉर्कमधले मानसशास्त्राचे प्राध्यापक. 1970 च्या दशकात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना भुयारी रेल्वेत पाठवलं. काम एवढंच: बसलेल्या धडधाकट प्रवाशासमोर उभं राहायचं आणि कसलंही कारण न देता "तुमची जागा मला देता का?" असं विचारायचं. न्यूयॉर्कचा माणूस फटकळ म्हणून जगात प्रसिद्ध. पण झालं उलटंच. 100 पैकी 68 जणांनी एकतर उठून जागा दिली किंवा सरकून करून दिली. त्याहून गंमत पुढे आहे. "मला उभ्याने पुस्तक वाचता येत नाही" असं कारण जोडलं तेव्हा जागा देणाऱ्यांचं प्रमाण 42 टक्क्यांवर घसरलं. नुसता मागणारा आजारी असेल किंवा अडचणीत असेल असं वाटत असावं. कारण सांगितल्यावर मात्र तो लबाड आहे हे नक्की झालं.

खरी फजिती झाली मागणाऱ्यांची. विद्यार्थ्यांना घाम फुटत होता, पोटात कालवत होतं. वैतागून मिलग्रॅम स्वतः गेले, तर शब्द घशातच अडकले. कसंबसं विचारलं, जागा मिळाली, आणि मग फुकट मिळवलेल्या जागेची एवढी शरम वाटली की त्यांनी गुडघ्यांत डोकं घातलं आणि त्यांचा चेहरा खरोखरच पांढरा पडला. आजाऱ्याचं सोंग करायची गरजच उरली नाही.

मुंबईच्या लोकलमध्ये मिलग्रॅम साहेबांवर ही वेळ आली नसती. इथे जागा कुणी मागत नाही, इथे चौकशी करतात. "कुठे उतरणार?" समोरचा "ठाणा" म्हणाला की ठाण्यापासून ती जागा विचारणाऱ्याची. हा करार तोंडी असतो, साक्षीदार डबाभर असतात आणि तो मोडल्याचं सहसा ऐकिवात नाही. त्यातून तीन माणसांच्या बाकड्यावर चौथी सीट असते. चौथ्याने कडेला येऊन "जरा सरकून घ्या" म्हणायचं; तिघं तोंडं वाकडी करतात, मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत, पण सरकतात. चौथ्याची एक मांडी बाकड्यावर, दुसरी अधांतरी. तेवढ्याशा बुडावर तो अंधेरीपासून वसईपर्यंत झोप काढतो आणि त्याचं डोकं तिसऱ्याच्या खांद्यावर येतं. तिसरा ते दोनदा ढकलतो. तिसऱ्यांदा राहू देतो. दारातून आत यायला जमत नसलेल्या माणसाची बॅग हातोहात वरच्या फळीवर पोचते आणि त्याच वाटेने उतरताना परत येते. बॅगेत काय आहे हे कुणी विचारत नाही, आणि ती गेली कुठे याची चिंता मालकही करत नाही.

याच डब्यात निर्दयपणाही पोटभर मिळतो. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये बोरिवलीचा माणूस चढला की त्याच्यावर फौजदारी दाखल होते. "बोरिवली उतरना है? तो विरार में कायको चढा?" या प्रश्नाला पटण्याजोगं उत्तर आजवर कुणालाही देता आलेलं नाही. दारातली मंडळी बाजूला होत नाहीत, बोरिवली येते आणि जाते, आणि तो बिचारा आपलं घर खिडकीतून मागे जाताना बघतो. वाद वाढला तर हातही उगारला जातो. त्या क्षणी कुणी समाजशास्त्रज्ञ डब्यात असता तर त्याने मुंबईकर ही माणुसकी हरवलेली जमात आहे असं टिपून घेतलं असतं, अर्थात वही काढण्याइतका हात हलवता आला असता तर.

पण हीच लाइन आणि हीच माणसं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि छातीभर पाण्यातून हाताला हात धरून माणसांनी माणसं पलीकडे नेली. रुळांलगतच्या घरांतून चहा आला, बिस्किटं आली, पूर्ण अनोळखी बायकांना लोकांनी रात्रभर घरात झोपायला जागा दिली. पुढल्याच वर्षी 11 जुलैला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत 11 मिनिटांत सात स्फोट झाले. तेव्हा रुग्णवाहिकेची वाट न बघता झोपडपट्ट्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि जखमींना त्यांत घालून उचलून घेऊन गेली. ज्यांच्या चादरी होत्या, त्यांतले बरेच जण पहिल्या वर्गात कधी बसलेही नसतील.

आता यांना दयाळू म्हणायचं की निष्ठुर? हा प्रश्न शास्त्रज्ञांनी अमेरिकेत जरा सोप्या रूपात सोडवून पाहिला. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातले विद्यार्थी साधेसुधे नव्हते. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेत धर्मोपदेशक व्हायला आलेले होते. त्यांना एक छोटं प्रवचन तयार करायला दिलं आणि ते देण्यासाठी शेजारच्या इमारतीत जायला सांगितलं. निम्म्यांच्या प्रवचनाचा विषय होता बायबलमधली वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाची गोष्ट. आणि वाटेतल्या बोळात एक माणूस विव्हळत, खोकत पडून राहिलेला होता, अर्थात ठरवून. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांतले 63 टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय, पळा असं सांगितलं होतं, त्यांतले थांबले फक्त 10 टक्के. प्रवचनाचा विषय कुठला होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेले काही भावी धर्मोपदेशक पडलेल्या माणसाला अक्षरशः ओलांडून वेळेवर पोचले.

विरार लोकलच्या दारातला माणूस संध्याकाळी सव्वासातला नेमका याच परीक्षेला बसलेला असतो. 26 जुलैच्या रात्री गाडीच थांबली होती, त्यामुळे कुणालाच उशीर होत नव्हता.

रॉबर्ट लेव्हिन नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने हाच शोध जगभर नेला. 23 देशांतल्या 23 मोठ्या शहरांत त्याच्या माणसांनी रस्त्यात पेन पाडलं, पायाला पट्टी बांधून मासिकं खाली सांडली आणि आंधळ्याची काठी घेऊन सिग्नलला उभं राहून पाहिलं. 2001 साली निकाल आला. पहिला नंबर ब्राझीलच्या रिओ द जानेरोचा, शेवटचा क्वालालंपूरचा, त्याच्या एकच पायरी वर न्यूयॉर्क. आपल्याकडचं कोलकाता पहिल्या पाचांत. श्रीमंत शहरांत मदतीचा हात जरा आखडता असतो असंही आकड्यांत दिसलं. या यादीत मुंबई नव्हती आणि पुणंही नव्हतं, त्यामुळे पहिला नंबर खरा कुणाचा, याबद्दल पुण्यात कुणाच्याही मनात शंका नाही.

आणि पुण्याकडे पुरावाही आहे. तो रस्त्यावर आहे.

दुचाकीचा साइड स्टँड वर न घेता कुणी निघालं की पन्नास मीटरच्या आत त्याचा पाठलाग सुरू होतो. मागून एक स्कूटर भरधाव येते, समांतर होते, चालवणारा हँडलवरचा एक हात सोडून खाली बोट दाखवतो आणि ओरडतो, "ओ काका, स्टँड!" काकांना ऐकू येत नाही. ते टायरकडे बघतात, मग खिशाकडे बघतात, मग हा आपल्याला ओळखतो की काय म्हणून हसतात. तोवर दुसऱ्या बाजूने एक मुलगी येते. "काका, स्टँड, स्टँड!" खटकन स्टँड वर जातो. आभार मानायला काका वळतात तेव्हा दोघंही गायब झालेली असतात. ओढणी चाकात जात असेल तर "ताई, ओढणी!" म्हणून चौकभर कोरस होतो. दिवसा दिवा चालू दिसला की पाची बोटं मिटून-उघडून खूण करायची, हीसुद्धा जुनी समाजसेवा. 2017 च्या एप्रिलपासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटलेलाच राहतो, तो बंद करता येत नाही. तरी बोटं मिटणारी उघडणारी मंडळी पुढे कितीतरी दिवस थकली नाहीत. ज्याला खूण केली तोही समजावत बसत नसे. मान हलवून पुढे जाई.

तोच स्कूटरवाला पुढच्या सिग्नलला उभा असतो. लाल दिव्याचे अजून आठ सेकंद उरलेले असतात आणि त्याचा अंगठा हॉर्नवर असतो. झेब्रा पट्ट्यांवर त्याचं पुढचं चाक असतं आणि पलीकडून येणाऱ्या आजीबाई त्या चाकाला वळसा घालून जातात. चालत्या गाडीवरून परक्याचा जीव वाचवणारा माणूस थांबल्यावर असा का वागतो? स्टँड सांगायला एक सेकंद लागतो, वाट वाकडी करावी लागत नाही आणि नंतर कुणाच्या घरी जावं लागत नाही. आजीबाईंना रस्ता द्यायचा तर आठ सेकंद जातात आणि एक हात जागा जाते. हिशेब साफ आहे.

सरकारांनी हा हिशेब बदलायचे नाना उपाय केले. मुंबई पोलिसांनी 2020 च्या सुरुवातीला जाहीर केलं की काही निवडक चौकांत हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की सिग्नलची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. जितकं वाजवाल तितकं थांबाल. चित्रफीत देशभर पाहिली गेली. हॉर्नवरचा अंगठा मात्र अजून तिथेच आहे. सिंगापूरने 1979 पासून सौजन्याची मोहीम चालवली, 1982 मध्ये तिच्यासाठी सिंगा नावाचा एक हसरा सिंह नेमला. तीस वर्षं तो पोस्टरांवरून लोकांना नीट वागायला सांगत होता. 2013 साली या सिंहाने जाहीर पत्र लिहून राजीनामा दिला. लोक दिवसेंदिवस चिडखोर होत चालले आहेत आणि आपण थकलो, असं त्याने कळवलं. कर्तव्यावर असताना सौजन्याने बळी घेतलेला हा बहुधा पहिलाच वन्य प्राणी.

सगळ्यांत वरताण केली ती कोलंबियाची राजधानी बोगोटा हिने. अंतानास मोकुस हे गणित आणि तत्त्वज्ञान शिकवणारे गृहस्थ 1995 मध्ये तिथे महापौर झाले. विद्यापीठाचे प्रमुख असताना गोंधळ घालणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर भर सभागृहात विजार खाली करून त्यांनी शांतता प्रस्थापित केली होती, म्हणजे नव्या कल्पनांची त्यांना वानवा नव्हती. त्यांनी चौकाचौकांत मूकनाट्य करणारे विदूषक उभे केले. पांढरा चेहरा, काळी विजार. झेब्रा पट्ट्यांवर गाडी आणणाऱ्यापुढे ते छाती पिटत, तिला ढकलायचा अभिनय करत. वाटेल तिथून रस्ता ओलांडणाऱ्याच्या मागोमाग त्याचीच नक्कल करत चालत. ना पावती, ना शिट्टी. सुरुवातीला वीसच होते, मग आणखी शेकडो तयार केले. दंडापेक्षा चारचौघांत हसं होण्याची भीती माणसाला जास्त असते, हा मोकुस यांचा सिद्धांत, आणि लोक पट्ट्यांच्या मागे थांबू लागले. नागरिकांना साडेतीन लाख कार्डंही वाटली होती. एका बाजूला शाबासकीचा अंगठा, दुसऱ्या बाजूला निषेधाचा. शिव्या द्यायच्या त्याऐवजी कार्ड दाखवायचं. आपल्याकडे अशी कार्डं वाटली तर लोक ती दाखवतील आणि शिव्याही देतील.

कधीकधी परक्याशी चांगलं वागणं म्हणजे त्याच्याशी बोलणं की न बोलणं, यावरच एकमत होत नाही. 2016 साली एका अमेरिकी माणसाने लंडनच्या भुयारी रेल्वेत बिल्ले वाटले. बिल्ला लावला की समजायचं, याला शेजाऱ्याशी गप्पा मारायच्या आहेत. लंडनकर हादरले. माझ्याशी बोलू नका असं बजावणारे उलट बिल्लेही निघाले. याच देशात केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी गर्दीत मुद्दाम लोकांना धक्के देऊन पाहिले, तर सुमारे 80 टक्के इंग्रजांनी धक्का खाऊन स्वतःच माफी मागितली. कोल्हापूरहून सांगलीला निघालेल्या एसटीत त्यातल्या एखाद्याला बसवून पाहावं. जयसिंगपूर यायच्या आत त्याला गाव, आडनाव, पगार, लग्न, मुलं, आणि मुलं नसतील तर का नाहीत, हे सगळं सांगावं लागेल. सांगून झाल्यावर मात्र त्याला डब्यातली अर्धी भाकरी मिळेल, आणि तो चुकीच्या थांब्यावर उतरायला लागला तर आख्खी गाडी त्याला खाली बसवेल.

परक्यांच्या निष्ठुरपणाची जगातली सर्वांत गाजलेली गोष्टही पुन्हा तपासून घ्यावी लागली. मार्च 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला, आणि 38 जण नुसते बघत राहिले अशी बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिली. पाठ्यपुस्तकांनी ती पन्नास वर्षं घोकली. प्रत्यक्षात एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवलं होतं आणि एक शेजारीण जिवाची पर्वा न करता खाली धावत येऊन तिला मिठीत घेऊन बसली होती. त्या बातमीत चुका होत्या हे वृत्तपत्राने 2016 मध्ये मान्य केलं. पुढे 2019 साली संशोधकांनी ॲमस्टरडॅम, केप टाउन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण तपासलं. त्यातल्या 91 टक्के भांडणांत कुणी ना कुणी तिऱ्हाईत मध्ये पडलेला होता, आणि बघे जितके जास्त तितकी कुणीतरी मध्ये पडायची शक्यता जास्त होती.

मग अपघात झाला की लोक गोल करून उभे का राहतात? पाय पुढे पडत नाही तो पुढच्या कटकटीमुळे. चीनमधल्या नानजिंगमध्ये 2006 साली बसथांब्यावर पडलेल्या म्हातारीला एका तरुणाने दवाखान्यात नेलं. तिने त्याच्यावरच धक्का दिल्याचा दावा लावला. कोर्टाने विचार केला, की यानेच पाडलं नसेल तर हा मदतीला कशाला जाईल, आणि सुमारे 45 हजार युआन भरायला लावले. धक्का खरंच लागला होता हे पुष्कळ पुढे बाहेर आलं, पण तोवर कोर्टाचा तर्क देशभर पोचला होता आणि पडलेल्या माणसाला हात लावायला लोक कचरू लागले होते. शेवटी 2017 मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम चीनला कायद्यात घालावं लागलं.

आपल्याकडेही ते आहे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात 134अ हे कलम आलं. अपघातातल्या जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची सक्ती करता येत नाही. पोलिस त्याला साक्षीदार व्हायला भाग पाडू शकत नाहीत. रुग्णालय त्याला थांबवून ठेवू शकत नाही आणि त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही. हे सगळे हक्क इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत लिहून सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने दर्शनी भागात लावायचे आहेत, असा 2020 चा नियम आहे. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये ही पाटी जिथे न चुकता लागते, त्या राज्यात ही पाटी लावायला अडचण नसावी. पुढच्या वेळी कुणाला भेटायला रुग्णालयात जाल तेव्हा दारात ती आहे का बघा. नसेल तर खिडकीवर विचारा, कुठे लावली आहे म्हणून.